चाकूचं पोलाद आणि चाकूचा देश

ऑनलाइन दुकानात स्वयंपाकघरातला चाकू शोधायला बसलं, की पहिल्या वीस-पंचवीस चित्रांत तेच ते दिसतं. पात्यावर लहरी नक्षी, मुठीजवळ जपानी अक्षरं, शेजारी टोमॅटोची अतिपातळ चकती. खाली ओळ असते: जर्मन हाय कार्बन स्टेनलेस स्टील, सर्जिकल ग्रेड, डमास्कस, ६० एचआरसी. किंमत पाचशे ते हजार रुपये, आणि तेवढ्यात कधी पाच चाकू, एक कात्री नि लाकडी स्टँडसुद्धा.

भांड्यांच्या दुकानात निदान चाकू हातात घेऊन तोलता येतो, पात्याच्या पाठीवरून बोट फिरवता येतं, दुकानदाराला दोन प्रश्न विचारता येतात. पडद्यावर यातलं काहीच नाही. तिथे फक्त वाचायचं असतं, आणि वाचायला दिलेलं असतं ते बहुतेक पोलादाचं नाव आणि देशाचं नाव. या दोन नावांतून किती कळतं आणि कुठपासून पुढे कळेनासं होतं, हे ठाऊक असलं तर स्वस्तातला चांगला चाकू निवडता येतो. असे चाकू मिळतात, हे आधीच सांगतो. फक्त ते बहुधा साधे दिसतात. कमी किमतीच्या चाकूत खर्चाला जागा थोडीच असते. त्यातला जो रुपया नक्षीवर, खोक्यावर आणि स्टँडवर गेला, तो पात्यावर गेलेला नसतो.

आधी पोलाद पाहू. लोखंडात पुरेसा कार्बन असला तरच ते तापवून-थंड करून कडक करता येतं, आणि धार टिकायला कडकपणा लागतो. स्वयंपाकघरातल्या चाकूत अर्धा टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असला, की काम चांगलं भागतं. क्रोमियमचं काम वेगळं. ते साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा थर धरतो. ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो थर पुन्हा जमतो, म्हणून गंज चढत नाही. आपल्या जुन्या विळीच्या पात्यात हे क्रोमियम नसतं. कैरी किंवा कच्चं केळं चिरलं की ते काळं पडतं, रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबूस डाग दिसतात. पण त्याच विळीला साध्या दगडावर चटकन धार लागते आणि ती टिकते. गंज न चढणं आणि धार टिकणं हे दोन निरनिराळे गुण आहेत. स्वस्त चाकूंच्या जाहिरातीत पहिला गुण दाखवून दुसराही असल्याचं भासवलं जातं.

हा घोळ स्टेनलेस स्टीलच्या जन्मापासूनचा आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून नवं पोलाद शोधत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. ते आम्लाला दाद देत नाही हे पाहून, सुऱ्या-काट्यांच्या धंद्यात ते चालेल हे त्याच्या लक्षात आलं. शेफील्डच्या कारागिरांना मात्र आधी ते पटलं नाही. या पोलादाच्या सुऱ्या कापत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. पुढे ते कडक करण्याची रीत सापडली आणि चित्र पालटलं. आज सर्वांत स्वस्त चाकूंच्या वर्णनात ‘३ सीआर १३’ असं पोलाद दिसतं. त्यात सुमारे ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम असतं. ब्रिअर्लीच्या त्या पोलादाचा हा जवळचा नातेवाईक. गंज चढत नाही, पातं वाकेल पण सहज तुटणार नाही, आणि धार मात्र लवकर बसते.

अशी सांकेतिक नावं वाचायला शिकणं अवघड नाही. चिनी नावात ‘सीआर’च्या आधीचा आकडा कार्बनचा, टक्क्याच्या दहाव्या भागात मोजलेला, आणि नंतरचा आकडा क्रोमियमचा. म्हणून ‘५ सीआर १५ एमओव्ही’ म्हणजे अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, सोबत थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. ‘८ सीआर १३ एमओव्ही’मध्ये कार्बन ०.८ टक्के, घडीच्या स्वस्त चाकूंत हे पोलाद खूप दिसतं आणि किमतीच्या मानाने ते चांगलं आहे. चीनच्या नव्या मानकात कार्बन शंभराव्या भागात लिहितात, त्यामुळे ‘३ सीआर १३’ हेच कधी ‘३० सीआर १३’ असं भेटतं. आकडा दहापट दिसला म्हणून पोलाद दहापट चांगलं झालेलं नसतं. जर्मन पद्धतीत ‘एक्स ५० सीआर एमओव्ही १५’ म्हणजे पुन्हा तेच, अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम. जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातली व्युस्टहोफ कंपनी आपल्या पात्यांवर हे नाव कोरते. म्हणजे चिनी ‘५ सीआर १५ एमओव्ही’ आणि हे नामांकित जर्मन पोलाद यांची कृती जवळपास एकच. ‘जर्मन स्टील’ असं लिहिलेला चाकू जर्मनीत बनलेला असेलच असं नाही, आणि ते पोलादही जर्मनीत ओतलेलं असेल असं नाही. पुष्कळदा ती फक्त कृती जर्मन असते. त्यात फसवणूक असतेच असंही नाही. अर्धा टक्का कार्बनवालं चिनी पोलाद नीट कडक केलेलं असेल, तर घरच्या भाजीला ते पुरून उरतं.

अमेरिकी नावांत ४४० हा आकडा सर्वाधिक वापरला जातो आणि सर्वाधिक लपवाछपवीही तिथेच होते. ४४० ए, बी आणि सी असे त्याचे तीन प्रकार. एमध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, सीमध्ये ०.९५ ते १.२० टक्के. हा फरक मोठा आहे. नुसतं ‘४४० स्टील’ लिहिलं असेल तर ते ‘ए’ आहे असं धरून चालावं. ‘सी’ असतं तर विक्रेत्याने ते अक्षर ठळक छापलं असतं. ‘सर्जिकल स्टील’ या शब्दाला चाकूच्या बाबतीत ठरलेला अर्थच नाही. ‘हाय कार्बन’लाही आकड्याशिवाय अर्थ नाही.

वर्णनातली खरी गंमत त्यातल्या विसंगती शोधण्यात आहे, आणि त्यासाठी घराबाहेर पडावं लागत नाही. काही ठिकाणी चाकूचं पोलाद ‘३०४ ग्रेड’ किंवा ‘१८/८’ असं दिलेलं असतं. हे आपल्या चांगल्या भांड्यांचं पोलाद: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि नावापुरता कार्बन. डब्याला, पातेल्याला उत्तम. पण ते तापवून विझवून कडक करता येतच नाही. तेव्हा ‘३०४’ आणि ‘५८ एचआरसी’ (कडकपणाचं माप) या दोन गोष्टी एकाच पानावर दिसल्या, तर त्यातली एक नक्की खोटी आहे. तसंच ‘३ सीआर १३’ आणि ‘६० एचआरसी’. एवढ्या कमी कार्बनच्या पोलादात ६० पर्यंत जाण्याची ताकदच नसते. ते पन्नाशीच्या आसपास थांबतं, फार तर पन्नाशीच्या मध्यापर्यंत जातं. घरी लोहचुंबक असेल तर चाकू आल्यावर तो पात्याला लावून पाहावा. कडक होणारं पोलाद चुंबकाला घट्ट धरतं, ३०४ धरत नाही किंवा अगदी हलकं धरतं. मात्र चुंबक चिकटला म्हणून चाकू चांगला ठरत नाही. तो चिकटला नाही तर चाकू नक्की वाईट, एवढंच त्यातून कळतं.

हे ‘एचआरसी’ म्हणजे रॉकवेल मापनाचं ‘सी’ प्रमाण. अमेरिकेत ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी बॉल बेअरिंगच्या कड्यांचा कडकपणा झटपट मोजण्यासाठी हे यंत्र तयार केलं. १९१४ मध्ये अर्ज केला, १९१९ मध्ये पेटंट मिळालं. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने धातूत दाबायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं. युरोपीय धाटणीचे चाकू साधारण ५४ ते ५८ मध्ये असतात, जपानी धाटणीचे ६० ते ६३ मध्ये. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला चाकू, असा समज जाहिरातींनी करून दिला आहे, तो अर्धाच खरा आहे. कडक पातं धार जास्त दिवस धरतं, पण ते ठिसूळही होतं. २०२२ च्या जुलैत चीनमध्ये याच कारणावरून मोठं वादळ उठलं. झांग शियाओछ्वान या शेकडो वर्षांचा वारसा सांगणाऱ्या कंपनीचा चाकू लसूण ठेचताना तुटला, आणि कंपनीच्या ग्राहक सेवेने उत्तर दिलं की या चाकूने लसूण ठेचू नये. रुंद पात्याने लसूण ठेचणं ही तिथल्या स्वयंपाकाची रोजची रीत, त्यामुळे लोक खवळले. आपल्या घरातही चाकूच्या पाठीने वेलदोडा फुटतो, टोकाने डबा उघडला जातो, फ्रिजरमधलं मटण सोडवलं जातं. अशा घरात ६२ एचआरसीच्या पातळ पात्याचे टवके उडतील. ५५-५६ चा चाकू तिथे जास्त शहाणा, महिन्यातून दोनदा धार लावावी लागली तरी.

पण पोलादाचं नाव खरं, आकडाही खरा, तरी चाकू वाईट निघू शकतो, कारण सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वर्णनात येतच नाही. लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ तो हा टप्पा. पातं लालबुंद तापवून एकदम विझवायचं, म्हणजे ते कमालीचं कडक आणि काचेइतकं ठिसूळ होतं. मग पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा कमी करायचा. स्टेनलेस पोलादाला पहिल्या तापासाठी साधारण १००० ते १०५० अंश सेल्सियस लागतात, दुसऱ्यासाठी बहुधा दीड-दोनशे अंश. पहिला ताप कमी पडला तर कार्बन पोलादात नीट विरघळत नाही आणि पातं मऊ राहतं. वेळ जास्त झाला तर आतले कण मोठे होतात आणि धार तुटत राहते. एकाच कारखान्यात, एकाच पोलादापासून, भट्टीवर नीट लक्ष असलेल्या दिवशी चांगला चाकू बनतो आणि घाईच्या दिवशी वाईट. त्यानंतर धार काढताना दगड-पट्टा कोरडा आणि वेगाने चालवला, तर पात्याची बारीक कड दोनशे अंशांच्या पुढे सहज तापते आणि दिलेलं पाणी तेवढ्या कडेपुरतं उतरतं. म्हणूनच काही स्वस्त चाकू नवे असताना आठवड्यात बोथट होतात आणि दोन-तीनदा दगडावर घासून ती भाजलेली कड निघून गेली की अनपेक्षित चांगले चालू लागतात. नवा चाकू लगेच बसला म्हणून फेकण्याआधी एवढी संधी त्याला द्यावी, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट पात्याचा आकार. धारेच्या मागे पातं किती जाड आहे, यावर ते भाजीत कसं शिरतं हे ठरतं. जाड पातं कितीही धारदार केलं तरी ते गाजरात पाचरीसारखं अडकतं. स्वस्त चाकू जाड ठेवणं कारखान्याला सोयीचं असतं: घासायला वेळ कमी लागतो, पाणी देताना पातं वाकत नाही, आणि हातात जड लागल्यामुळे ग्राहकाला ते दणकट वाटतं. वजन हा गुणवत्तेचा पुरावा आहे ही समजूत सोडून द्यायला हवी. ‘फोर्ज्ड’ म्हणजे ऐरणीवर घडवलेला चाकू श्रेष्ठ आणि पत्र्यातून कापलेला हलक्या दर्जाचा, हाही समज आता टिकत नाही. कारखान्यात लाटलेला पत्रा एकसारखा आणि स्वच्छ असतो. त्यातून कापलेल्या, नीट पाणी दिलेल्या पातळ पात्याचे कितीतरी चाकू जगभरच्या खाटिकखान्यांत आणि हॉटेलांत रोज राबतात.

आता त्या लहरी नक्षीबद्दल, कारण सर्वांत जास्त पैसे तिच्यावर उडतात, आणि तिचा इतिहास आपल्या अगदी जवळचा आहे. जुन्या डमास्कस तलवारींचं पोलाद दमास्कसमध्ये बनत नव्हतं. ते दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत बनत होतं. आजच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम आणि तामिळनाडूतला सेलमचा परिसर ही त्याची नावाजलेली ठिकाणं. लोखंड आणि काड्या-पानांसारखा जैव पदार्थ मातीच्या मुशीत बंद करून दीर्घकाळ तापवत, आणि मूस सावकाश थंड होऊ देत. तयार होणाऱ्या गोळ्यात कार्बन एक टक्क्याहून बराच जास्त असे. युरोपीय त्याला ‘वूट्झ’ म्हणत. मायकेल फॅरडेनेही १८१९ मध्ये त्याचं रासायनिक पृथक्करण करून पाहिलं होतं. इराणी आणि अरब व्यापारी हे गोळे पश्चिमेला नेत आणि तिकडचे कारागीर त्यांची पाती घडवत. पात्यावरची लहर वरून काढलेली नव्हती. ती पोलादाच्या आतल्या कार्बाइडच्या पट्ट्यांची होती. एकोणिसाव्या शतकात ही विद्या लयाला गेली. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि लोहारकाम करणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशामुळे ते पट्टे तयार होत असावेत. तो अंश असलेलं खनिज संपलं की तीच रीत वापरूनही नक्षी उमटेनाशी होते.

आज बाजारात ‘डमास्कस’ म्हणून मिळतं ते हे नव्हे. खऱ्या, मेहनतीने बनवलेल्या आजच्या चाकूत दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकत्र जोडून लाटलेले असतात, मधे कडक पोलादाचा गाभा असतो आणि शेवटी आम्लाने थर उघडे केलेले असतात. गाभ्याला बरेचदा व्हीजी-१० हे जपानी पोलाद असतं; ते फुकुई प्रांतातल्या एचिझेनची ताकेफू कंपनी बनवते. त्यात कार्बन एक टक्का, क्रोमियम १५ टक्के आणि थोडं कोबाल्ट. चीनमध्ये त्याच धाटणीचं ‘१० सीआर १५ सीओ एमओव्ही’ बनतं, आणि त्यापासून केलेले चांगले चाकूही मिळतात. पण ते सहाशे रुपयांत मिळत नाहीत. सहाशे रुपयांच्या पात्यावरची लहर लेसरने किंवा आम्लाने साध्या पोलादावर छापलेली असते. ओळखायला सोपं आहे. थरांच्या पात्यात नक्षी धारेच्या थोडं आधी थांबते आणि तिथून गाभ्याची गुळगुळीत, वेगळ्या छटेची पट्टी सुरू होते. दोन्हींच्या मधली रेघ नागमोडी असते. छापलेल्या नक्षीत लहर सरळ धारेपर्यंत जाते, किंवा पट्टीने आखल्यासारख्या रेषेवर तुटते. पात्याची पाठ जवळून पाहावी. थर खरे असतील तर तिथेही त्यांच्या रेघा दिसतात. आणि खरेदीदारांनी टाकलेल्या दोन-चार फोटोंत नक्षीचं वळण अगदी तंतोतंत सारखं असेल, तर ती छापील आहे. छापील नक्षीने चाकूचं काही बिघडत नाही. त्याला डमास्कस म्हणणं हे मात्र खोटं बोलणं आहे, आणि एका ठिकाणी खोटं बोलणाऱ्याचा पोलादाचा आकडा मी तरी खरा मानत नाही.

देशाच्या नावाकडे वळू. वस्तूवर बनवलेल्या देशाचं नाव टाकण्याच्या प्रथेत चाकू-सुऱ्यांचा मोठा वाटा आहे. १८७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मन माल पाहून जर्मन अभियंता फ्रांझ रूलो यानेच तो स्वस्त आणि वाईट असल्याचं लिहिलं आणि मायदेशी खळबळ उडवून दिली. त्याच काळात झोलिंगेनच्या सुऱ्या शेफील्डचा शिक्का मारून विकल्या जात, आणि शेफील्डचे कारागीर संतापले होते. अखेर ब्रिटिश संसदेने १८८७ मध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा केला आणि परदेशी मालावर मूळ देश लिहिणं भाग पडलं. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का जर्मन माल हलका आहे हे ग्राहकाला कळावं म्हणून आला होता. पण जर्मन कारखानदारांनी दर्जा सुधारला आणि काही दशकांत तोच शिक्का भाव खाऊ लागला. त्यानंतर शहराच्या नावालाही संरक्षण लागलं. १९३८ च्या कायद्यानुसार झोलिंगेन हे नाव त्याच चाकूवर टाकता येतं, ज्याचे महत्त्वाचे सगळे टप्पे झोलिंगेनच्या औद्योगिक परिसरात पार पडले आहेत. १९९४ मध्ये हा नियम नव्याने केला गेला. असं संरक्षण सगळ्यांना मिळालं नाही. फ्रान्समधल्या लायोल या छोट्या गावाच्या नावाने चीन आणि पाकिस्तानातले चाकू जगभर विकले जातात. त्या नावाचे व्यापारी हक्क गावाबाहेरच्या माणसाने नोंदवून घेतले होते. २०१२ मध्ये गावाने निषेध म्हणून स्वतःचंच नाव टाकून देत असल्याचं प्रतीकात्मक जाहीर केलं.

म्हणून देशाचं नाव नेमकं कोणत्या शब्दांत दिलंय ते पाहावं. ‘मेड इन जपान’ हा दावा आहे. ‘जपानी स्टाइल’, ‘जपानी तंत्रज्ञान’, ‘जर्मनीत डिझाइन केलेला’ यांतून चाकू कुठे बनला ते समजत नाही, आणि समजू नये म्हणूनच ते शब्द निवडलेले असतात. जपानी वाटणाऱ्या नावाचे बरेच स्वस्त चाकू चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांगमधून येतात. ते शहर चाकूंच्या धंद्याचं जगातलं एक मोठं केंद्र आहे आणि तिथे अतिशय चांगले चाकूही बनतात. दुसरीकडे, ज्यांच्या नावात युरोप आहे त्यांचा माल नेहमी युरोपात बनतो असं नाही. १७३१ मध्ये झोलिंगेनमध्ये सुरू झालेल्या झ्विलिंग कंपनीचे कारखाने जपानच्या सेकी शहरात आणि शांघायमध्येही आहेत. दोन माणसांच्या आकृतीचं चिन्ह आणि एकाच माणसाचं चिन्ह या तिच्या दोन वेगवेगळ्या श्रेणी. एका माणसाची श्रेणी स्वस्त असते आणि वेगवेगळ्या देशांत बनते. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ मध्ये घेतलेले पहिले चाकूसुद्धा झोलिंगेनमध्ये बनले होते. मग स्विस कारागीर कार्ल एल्सेनरने ते काम आपल्या देशात आणलं.

बारकोडवरून देश ओळखण्याची युक्ती मोबाइलवर फिरते. ८९० म्हणजे भारत, ६९० ते ६९९ म्हणजे चीन, ४०० ते ४४० म्हणजे जर्मनी. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. तो आकडा बारकोड कोणत्या देशातल्या संस्थेने दिला ते सांगतो, वस्तू कुठे बनली ते नाही. मुंबईच्या कंपनीने चीनमधून आणलेल्या चाकूवरही ८९० असू शकतो.

त्यापेक्षा आपल्या कायद्याचा उपयोग जास्त. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या वजनमाप नियमांनुसार पाकिटावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयात करणारा यांचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क द्यावा लागतो. आयात मालावर मूळ देश. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनी मूळ देशाची माहिती पडद्यावरही दाखवणं बंधनकारक केलं. ती पानाच्या अगदी तळाशी, ‘अधिक माहिती’त असते. तिथे जाऊन वाचावं. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’, ‘पॅक्ड बाय’, ‘मार्केटेड बाय’ आणि ‘इम्पोर्टेड बाय’ यांचे अर्थ वेगवेगळे. ‘मार्केटेड बाय’पुढे भारतीय पत्ता असला तरी चाकू भारतात बनला असं त्यातून ठरत नाही. पूर्ण पत्ता आणि चालू फोन नंबर असेल, तर तक्रार ऐकायला कुणीतरी आहे एवढी खात्री पटते. माझ्या मते सहाशे रुपयांच्या चाकूत ही खात्री पोलादाच्या आकड्याहून मोलाची आहे. मूळ देश पडद्यावर एक आणि पाकिटावर दुसरा निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

चित्रांतही शोधायला बरंच काही असतं. विक्रेत्याने सजवलेली चित्रं सोडून खरेदीदारांनी काढलेले फोटो मोठे करून पाहावेत: मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथे फट आहे का, मुठीचे रिवेट पृष्ठभागाशी समतल बसलेत का, पात्याच्या पोलादाची पट्टी मुठीतून शेवटपर्यंत गेली आहे का. फटीत ओलावा आणि अन्नाचे कण साचतात. लाकडी मूठ तिथूनच कुजते. एकसंध ओतलेली प्लॅस्टिकची मूठ दिसायला साधी असते, पण तिला अशी फट नसते, आणि स्वस्त चाकूत मी तीच पसंत करीन. मुठीतून शेवटपर्यंत गेलेल्या पट्टीचं, म्हणजे ‘फुल टँग’चं, इतकं कौतुक होतं की काही कारखाने मुठीच्या कडेला नुसती धातूची पट्टी चिकटवतात; पट्टीची जाडी पात्याच्या पाठीशी जुळते का, हे बघितलं की उलगडा होतो.

चाकू घरी आला की परत करण्याच्या मुदतीतच त्याची परीक्षा घ्यावी. मूठ डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेवरून टोकाकडे पाहा. पातं वाकलेलं किंवा पिळलेलं असेल तर लगेच दिसतं. ट्यूबलाइटखाली धार वर करून बघा. चांगली धार प्रकाश परतवत नाही. जिथे चकाकणारा ठिपका किंवा रेघ दिसते, तिथे ती बोथट आहे किंवा कड एका बाजूला वळलेली आहे. कागद कापण्याची परीक्षा सगळे करतात, पण नवी धार कागद कापतेच. त्याहून गाजर खरं सांगतं. जाड गाजर मधोमध उभं चिरताना पातं पुरतं खाली जाण्याआधीच ते कट्कन फुटलं, तर धारेमागे पातं जाड आहे. हा दोष धार लावून जात नाही. रोजच्या स्वयंपाकात वापरून आठवड्याने पिकलेला टोमॅटो चिरून पाहा. साल न दाबता उघडली तर पाण्याचं काम बऱ्यापैकी झालंय. एखादी रात्र लिंबाचा रस लावून ठेवला आणि सकाळी ठिपके दिसले, तर ‘स्टेनलेस’ या शब्दाबद्दल विक्रेत्याला विचारायला हरकत नाही. मात्र या सगळ्या परीक्षा लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाटावर घ्या. ओट्याच्या ग्रॅनाइटवर, काचेच्या पाटावर किंवा स्टीलच्या ताटात चिरल्यावर कुठल्याच चाकूची धार राहत नाही, आणि दोष पोलादाचा नसतो.

घ्यायचा कोणता, असं विचाराल तर हजार रुपयांच्या आत सहा चाकूंचा संच कधीच नको. तेवढ्या पैशांत एक पातळ पात्याचा साधा चाकू आणि एक छोटा दातेरी चाकू घ्या. ज्या कंपनीने पोलादाचं पूर्ण नाव, बनवलेला देश आणि आपला पत्ता तिन्ही दिलेत, तिचे घ्या. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा छोटा दातेरी चाकू भारतात सहज मिळतो. त्यावर ना नक्षी आहे, ना जड मूठ, आणि टोमॅटोवर तो वर्षानुवर्षं चालतो. त्याच्या नकलाही निघतात, तेव्हा पात्यावरचा शिक्का आणि विक्रेत्याचं नाव दोन्ही जुळवून बघावं. धार लावायला लगेच महागडं यंत्र आणू नका. सिरॅमिकच्या कपाच्या तळाशी जो खरखरीत, चकाकी नसलेला गोल कडा असतो, तो स्टेनलेस पोलादाहून कठीण असतो. त्यावर पातं पंधरा-वीस अंशांच्या कोनात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने आलटून-पालटून आठ-दहा वेळा ओढलं की बसलेली धार पुन्हा उठते. कारखान्यात भाजलेली कड मात्र अशा हलक्या ओढीने जात नाही. त्यासाठी धारवाल्याकडे किंवा घरच्या दगडावर एक-दोनदा नीट घासून घ्यावं लागतं, आणि त्या चाकूत कसलं पोलाद आहे, त्याला पाणी कसं दिलंय, हे त्यानंतरच कळतं. तोवर परतीची मुदत बहुधा संपलेली असते. म्हणून पहिल्या खेपेला एकच चाकू मागवावा, आणि त्याची ती दुसरी-तिसरी धार कशी टिकते हे पाहूनच त्या नावाचा दुसरा.